हललेली मेंढरं

आधी वाटलं, काचेवर ओरखडा असेल. जुन्या काच-निगेटिव्हवरून स्कॅन केलेला फोटो होता. उतरणीवर पसरलेला कळप, कडेला काठी टेकून उभा असलेला मेंढपाळ, मागे धुरकट टेकडी आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक पांढरा फराटा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. झोप येईपर्यंत डिजिटल संग्रहांतले जुने फोटो चाळत बसायची मला खोड आहे, आणि त्यात मेंढरं दिसली की मी तिथेच रेंगाळतो. तो फराटा मोठा करून पाहिला, तर त्याला पाय निघाले. चार नव्हेत, सहा-सात. आणि दोन तोंडं: एक गवतात खुपसलेलं, दुसरं थेट माझ्याकडे वळलेलं. कोकरू होतं ते. शटर उघडं असताना चरता चरता त्याने मान वर केली होती.

फोटो हलला होता. आपण असंच म्हणतो. खरं तर हलतं समोरचं माणूस, नाहीतर कॅमेरा धरणारा हात. पण ठपका बिचाऱ्या फोटोवर. घरच्या अल्बममधून असे हललेले फोटो आपण काढून टाकतो किंवा शेवटच्या पानामागे सरकवतो. त्या रात्रीनंतर माझं उलटंच झालं. मेंढरांचा जुना फोटो समोर आला की मेंढपाळाकडे मी नंतर बघतो, आधी हललेलं मेंढरू शोधतो. बहुतेक वेळा सापडतं.

याचं साधं कारण त्या काळच्या काचेत आहे. 1838 मध्ये फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात रस्ता ओसाड दिसतो. गाड्या, घोडे, माणसं सगळी होती, पण चालती होती, म्हणून धातूच्या पत्र्यावर त्यांची खूणच उमटली नाही. उमटला तो एक माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला. पुढे 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत आणली. काचेला रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे माळावर कळपाचा फोटो हवा असेल तर अख्खी डार्करूम तंबूसकट माळावर न्यायची. इतकं करून काचेला उजेड पुरायला उघड्यावरही काही सेकंद लागायचे. काही सेकंद म्हणजे माणसासाठी एक श्वास रोखून धरणं. मेंढरासाठी काय? तेवढ्यात ते तीन घास घेतं, कान झटकतं, शेजारच्याला ढुशी देतं आणि पुढे सरकतं.

1871 मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि दहाएक वर्षांत तयार काचा डब्यातून मिळू लागल्या. आता सेकंदाच्या अंशात काम होऊ लागलं. गावोगावचे हौशी लोक (डॉक्टर, पाद्री, जमीनदाराची मुलं) कॅमेरे घेऊन शिवारात उतरले. मेंढरांचे जे जुने फोटो आज आपण पाहतो, त्यांतले बरेचसे या कोरड्या काचेच्या दिवसांतले. तरी भल्या सकाळी किंवा सांजवेळी, धुळीत, कळप परतत असताना उजेड कमीच. आणि फोटोवाल्यांना नेमकी तीच वेळ हवी असायची.

मेंढपाळ मात्र हलत नसे. उभं राहणं हा त्याच्या कामाचाच भाग. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, एका पायावर भार. या ठाणात तो तासभर राहू शकतो. ट्रायपॉडवरचा कॅमेरा आणि काठीवर रेललेला माणूस समोरासमोर आले की मला दोन तिकाटणी एकमेकांकडे बघत उभी आहेत असं वाटतं. दोघांच्या मध्ये काय ती मेंढरं हलतात.

कळपाच्या नजरेचं पण एक आहे. जुन्या फोटोंत कित्येकदा सगळी मेंढरं तोंड वर करून सरळ भिंगाकडे पाहत असतात. हौशी लेखक त्यावर ‘त्या मुक्या डोळ्यांतली करुणा’ वगैरे लिहितात. मला तर त्यात निव्वळ संशय दिसतो. तीन लाकडी पायांवर काळं कापड पांघरलेलं काहीतरी उभं आहे, त्याखाली माणसाचा वास आहे आणि डोक्याच्या जागी पितळी भिंग. मेंढीच्या बाहुल्या आडव्या असतात. मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. तरीही तोंड वळवून बघावंसं वाटलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. फोटोग्राफरला हवा असतो निवांत चरणारा कळप, आणि त्याच्या येण्यानेच तो निवांतपणा मोडतो. मग तो वाट पाहतो. कळप कंटाळून पुन्हा चरायला लागतो तेव्हा हळूच भिंगावरची टोपी काढतो. म्हणजे चित्रातला निवांतपणाही थांबून, मेंढरांची समजूत पटल्यावर मिळालेला.

माणसांना थांबवणं सोपं होतं, म्हणून माणसांचीच मांडामांड जास्त झाली. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन खेड्यातली दृश्यं काढायचा, पण खेड्यातली माणसं त्याला नको असत. ती अवघडतात, सांगितलेलं करत नाहीत, म्हणून शिकवून तयार केलेल्या मुलींना तो गावठी कपडे घालून उभ्या करी आणि दोन-तीन निगेटिव्हज जोडून एक चित्र बनवी. त्याच्यावर तुटून पडला पीटर हेन्री इमर्सन. शिक्षणाने डॉक्टर, स्वभावाने भांडखोर. त्याचं म्हणणं, खरी माणसं त्यांच्या खऱ्या जागी, त्यांच्या खऱ्या कपड्यांत काढा. 1886 मध्ये त्याने चित्रकार गुडॉलबरोबर नॉरफोकच्या पाणथळ मुलखातल्या जगण्यावर 40 प्लॅटिनम प्रिंट्सचा ग्रंथ काढला. 1889 मध्ये निसर्गनिष्ठ फोटोग्राफीवर पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी ‘निसर्गनिष्ठ फोटोग्राफीचा मृत्यू’ अशी काळ्या किनारीची पुस्तिका काढून स्वतःच्याच मताचं तेरावं घातलं. असा माणूस मला आवडतो. पण खरं सांगायचं तर इमर्सनची खरी माणसंसुद्धा फोटोपुरती थांबलेलीच आहेत. वल्हं मारता मारता, बोरू कापता कापता थांबलेली. खोटे कपडे गेले, थांबणं राहिलं.

आणि मेंढपाळांच्या फोटोंवर एका चित्रकाराचं सावट फार दाट आहे: फ्रान्सचा झाँ-फ्रांस्वा मिले. 1864 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचं मेंढ्या राखणाऱ्या मुलीचं चित्र लागलं होतं. सपाट माळ, मागे कळप, पुढे मान खाली घालून विणत उभी असलेली मुलगी. त्यानंतरची कितीतरी वर्षं फोटोग्राफर तेच चित्र माळावर शोधत हिंडले असावेत, असं त्यांचे फोटो बघताना वाटतं. 1890 ते 1910 च्या दरम्यानच्या कलात्मक फोटोंमध्ये सांजवेळ, धुळीचा पडदा आणि परतणारी मेंढरं यांचा इतका सुकाळ आहे की दहावा फोटो पाहताना मला जांभई येते. मिलेने त्या मुलीच्या हातात विणकाम का दिलं, हे मात्र फोटोवाल्यांना बरोबर कळलं असणार. विणणाऱ्याचे हात कामात असतात आणि अंग स्थिर असतं. कॅमेऱ्यासमोर रिकाम्या हातांचं काय करायचं, हा प्रश्नच उरत नाही.

विणणारे मेंढपाळ म्हटलं की मला फेलिक्स आर्नोदँ आठवतो, आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाचा सपाट मुलूख आहे. वाळूखाली एक कडक थर, त्यातून पाणी झिरपत नाही. हिवाळ्यात सगळा माळ पाण्याखाली, उन्हाळ्यात काटेरी झुडपं आणि धूळ. तिथले मेंढपाळ जमिनीवर चालतच नसत. पायांना मीटरभर उंचीचे लाकडी पाय बांधून ते दिवसभर त्यांवर फिरत. पाय कोरडे राहत, काटे लागत नसत, आणि सपाट माळावर, जिथे चढायला एक टेकाडही नाही, तिथे लांबवर गेलेली मेंढी दिसे. सोबत एक लांब दांडा. थांबायचं असेल तेव्हा तो मागे टेकायचा आणि त्याला पाठ लावून बसल्यासारखं उभं राहायचं. त्या अवस्थेत ते मोजे विणत. मघाशी मी तिकाटण्याचं म्हटलं ना, इथे माणूसच तिकाटणं झालेला. मेंढ्या पाळायच्या त्या मटणापेक्षा किंवा लोकरीपेक्षाही लेंडीखतासाठी. त्या निकस वाळूत राय नावाचं धान्य पिकायचं ते त्याच्या जिवावर.

आर्नोदँ याच मुलखातल्या लाबुएरचा, जन्म 1844 चा. तो 13 वर्षांचा असताना, 1857 मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने कायदा केला: गावांनी आपापल्या सामायिक माळांतलं पाणी चर खणून काढायचं आणि तिथे पाइन लावायचे. ज्या माळावर सगळ्यांची मेंढरं चरत, तिथे झाडांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. आज तिथे सुमारे 10 लाख हेक्टरचं पाइनचं जंगल आहे. सरकारी दृष्टीने ही पडीक जमिनीची भरभराट. मेंढपाळाच्या दृष्टीने पायाखालची जमीनच गेली. लाकडी पाय असून उपयोग नाही.

आर्नोदँने नोकरीधंद्यात फारसं लक्ष घातलं नाही. तो म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी, गोष्टी, म्हणी उतरवून घेत गावोगाव फिरला, आणि 1870 च्या दशकापासून कॅमेरा घेऊन. दोन हजारांहून जास्त काचा त्याने मागे ठेवल्या. गावाने त्याला नाव ठेवलं होतं ‘लू पेक’, म्हणजे खुळा. 1921 मध्ये लाबुएरलाच तो गेला.

त्याचे फोटो पाहिले तर पहिल्यांदा काहीच घडत नाही. क्षितिजाची एक सरळ रेघ, वर कोरं आभाळ, खाली झुडपं. (आभाळ कोरं, कारण तेव्हाच्या काचांवर निळा रंग फार लवकर पोळून निघे; ढग असले तरी उमटत नसत.) त्या रेघेवर लाकडी पायांवरचे दोन-तीन मेंढपाळ, अंगात मेंढीच्या कातड्याचे डगले, एकमेकांपासून मोजून ठेवल्यासारखे दूर. आणि ते खरंच मोजून ठेवलेले आहेत. आर्नोदँ माणसं मांडायचा. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुठे बघायचं, हे त्याने आधी ठरवलेलं असे. जे रिवाज मोडीत निघाले होते ते तो लोकांना पुन्हा करून दाखवायला लावी. तो हे सगळं काढत होता तेव्हा पाइन वाढतच होते, चर खणले जात होते, कळप आटत होते. फोटोत मात्र माळ मोकळा आहे, जणू जंगल नावाची गोष्ट अजून कुणाच्या मनातही आलेली नाही.

हे कळल्यावर आधी माझा हिरमोड झाला. म्हणजे हेही नाटकच? रॉबिन्सनच्या नटलेल्या मुलींत आणि यात फरक काय मग? पुष्कळ दिवस हा प्रश्न डोक्यात होता. मग एकदा त्याचाच एक कळपाचा फोटो मोठा करून बघत होतो. मेंढपाळ सांगितल्याप्रमाणे स्तब्ध. दांडा जागच्या जागी. आणि त्यांच्या लाकडी पायांभोवती मेंढरं, त्यांतल्या काहींच्या माना नुसत्या पुसट. ती काही आर्नोदँच्या ऐकण्यातली नव्हती. माणसं त्याला त्याच्या लहानपणातला माळ उभा करून देत होती, आपल्या परीने, मन लावून. आणि मेंढरं त्या दिवशीची, त्या दुपारची होती. भूक लागलेली, पुढे जायची घाई असलेली. एकाच काचेवर दोन वेगवेगळे काळ उमटलेत असं वाटलं: एक थांबवून धरलेला आणि एक चाललेला.

लाकडी पायांचं पुढे जे व्हायचं तेच झालं. 1891 मध्ये सिल्वँ दोर्नाँ नावाचा लांदकडचा एक बेकरीवाला असल्या पायांवर पॅरिसहून मॉस्कोला चालत गेला, 58 दिवसांत. विक्रम झाला, पण त्यात मेंढी एकही नव्हती. शतक उलटताना पोस्टकार्डांचा सुकाळ आला आणि लाकडी पायांवरचे मेंढपाळ हे ठरलेलं पोस्टकार्ड बनलं. त्यांतल्या काही कार्डांवर मेंढपाळ भरपूर आणि मेंढ्या मोजक्याच. माणसं रांगेत, डगले स्वच्छ. अशा कार्डांवर हललेलं मेंढरू शोधून पाहा, दमछाक होते.

मांडामांडीवरून पुढे फार भांडणं झाली. 1936 मध्ये अमेरिकेत दुष्काळाचे सरकारी फोटो काढणाऱ्या आर्थर रॉथस्टीनने बैलाची एक वाळकी कवटी काही फूट सरकवून वेगवेगळ्या जागी फोटो घेतले, तर वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. कवटी तरी सांगितल्या जागी राहिली. मेंढी राहिली असती का, असा एक वाह्यात विचार माझ्या मनात येतो.

मांडामांड न करणारेही होते. जेम्स रॅव्हिलियस 1972 पासून 17 वर्षं इंग्लंडमधल्या उत्तर डेव्हनच्या एका टापूत फोटो काढत राहिला. रोज त्याच वाटा, तीच शेतं, तीच माणसं. लाइका कॅमेरा, त्यावर मुद्दाम जुनी, लेप नसलेली भिंगं आणि बऱ्याचदा समोरून येणारा उजेड. त्यामुळे मेंढीच्या पाठीवरची लोकर कडेकडेने पेटल्यासारखी दिसते. त्याच्या फोटोंत माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, कारण इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवय झालेली असते. मेंढ्यांनाही झाली असावी. पण गंमत बघा, इतक्या वेगवान शटरच्या काळातला हा माणूस मला पुन्हा जुन्या काचेकडेच नेतो, कारण सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ आधी कॅमेरा घेत होता, इथे माणसाने दिला.

कधीकधी मी फोटोतली मेंढरं मोजत बसतो. उत्तर इंग्लंडातल्या मेंढपाळांचे मोजायचे वेगळे शब्द होते: यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिप. विसापर्यंत जायचं, काठीवर एक खाच करायची किंवा एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा यानपासून सुरुवात. आपल्याकडेही जुनी माणसं ‘तीन विसा आणि वर पाच’ असंच मोजत. माझा हिशेब मात्र हललेल्या मेंढरांपाशी बिघडतो. दोन तोंडांचं एक धरायचं की दोन?

खऱ्या मेंढपाळाला हा प्रश्न पडला नसता, तो तोंड बघून ओळखतो. आणि तोंडं ओळखणं एकतर्फीही नाही. 2001 मध्ये कीथ केंड्रिक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मेंढ्या इतर 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवतात. 2017 मध्ये केंब्रिजमधल्या मेंढ्यांना फोटो दाखवून माणसांचे चेहरे ओळखायला शिकवलं. ओबामांचाही फोटो त्यात होता. त्यांची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाचा फोटो त्यांना कुणी न शिकवता ओळखता आला. हे वाचल्यापासून जुन्या फोटोंखालच्या ओळी मला जास्तच खुपतात. ‘मेंढपाळ आणि कळप’. ‘सायंकाळ, परतणारी मेंढरं’. फोटो काढणाऱ्याचं नाव आहे, कागदाचा प्रकार आहे, लांबीरुंदी आहे. उभ्या माणसाचं नाव नाही. त्या दिवशी त्या माळावर त्याला चेहऱ्याने ओळखणारे शेदोनशे जीव होते, सगळे चार पायांचे.

एका मित्राकडे एकदा जुनी काच-निगेटिव्ह हातात धरायला मिळाली. कळपाचीच होती. खिडकीशी धरली तर सगळं उलटं: आभाळ काळंकुट्ट, मेंढरं काळी, त्यांच्या सावल्या उजळ. मेंढपाळाने काळा कोट घातला असणार, कारण त्याच्या जागी जवळजवळ कोरी काच होती. त्याच्या अंगातून मला समोरच्या इमारतीची गॅलरी दिसली, तिथे वाळत घातलेले कपडे दिसले. मित्र म्हणाला, “जपून, पडेल.” मी काच पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

मेंढरांचा फोटो मी स्वतः एकदाच काढलाय. फिल्मचा कॅमेरा होता, रोलमध्ये शेवटचे दोन-तीन फोटो उरलेले. प्रवासात रस्त्यावर कळप आडवा आला, गाडी थांबली, मी उतरलो. मागून मेंढपाळ येत होते, साठीच्या पुढचे. त्यांच्यामागे उन्हात उडालेली धूळ, पुढे मेंढरांच्या पाठींचा नुसता लोट. इतकं वाचलेलं, पाहिलेलं असताना मी ठरवलं होतं, काही मांडायचं नाही.

“मामा, थांबू नका हां, चालत राहा तुम्ही.”

“आं? थांबलो की. काढा.”

“अहो, चालतानाच हवाय.”

“चालताना हलंल न्हवं का?” असं म्हणून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी लावली, काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, मग पुन्हा उजव्या हातात घेतली, आणि श्वास रोखून माझ्याकडे बघू लागले. मी फोकस करायला वेळ घेतला, नेहमीसारखाच. कळप तोवर मला वळसा घालून चालत होता. गुडघ्यांना लोकर घासून जात होती. मी बटण दाबलं. त्यांनी श्वास सोडला.

“मेंढरं आली का त्यात?”

“आली,” मी म्हणालो.

ते कळपामागे भराभरा निघून गेले. रोल धुऊन आला तेव्हा पाहिलं: मामा अगदी स्पष्ट, गुंडी लावलेली दिसते, काठीवरची गाठ दिसते. मागे मोकळा रस्ता. आणि डाव्या कडेला एका मेंढीचं मागचं अर्धं अंग, हललेलं.